सावलीला बाजरी लागत नाही

नकुशीला शाळेतून तुम्ही काढलंत. तिच्या आईनं नाही, ऊसतोडीच्या मुकादमानं नाही, आणि ज्याच्या नावानं आज सगळा मांगवाडा बोटं मोडतो त्या भिमाजी मास्तरनंही नाही. तुम्ही काढलंत. पंख्याखाली बसून, चहाचा घोट घेता घेता, एका कागदावर सही करून. तुम्हाला तिचं नावही ठाऊक नसेल. असल्या पोरींची नावं वर पोचत नाहीत. वरून खाली मात्र हुकूम बरोबर पोचतात. नदीला पूर असो, होडी बंद असो, हुकूम कधी वाट चुकत नाही.

तेव्हा आता ऐका. मध्येच घंटी वाजवून शिपायाला बोलवायचं नाही.

वडगाव रासाईपासून भीमेच्या कडेकडेनं खाली चालत गेलं की नदी एक वाकण घेते. त्या वाकणावर खोकरवाडी. सडक नाही. विजेचे खांब येऊन पडलेत, त्यांच्यावर पोरं घसरगुंडी खेळतात. शाळा चौथीपर्यंत, एका खोलीची, आणि मास्तरही एकच. भिमाजी. नदीपलीकडच्या खुटबावचा, दौंड तालुक्यातला, बौद्ध. शनिवारी दुपारी होडीनं घरी जायचा, सोमवारी सकाळी धोतराचा काचा खोचून परत यायचा. पुढं बायकोला, चांगुणाला, घेऊन आला आणि बौद्धवाड्यातच एक खोली धरून राहिला.

हा मास्तर जरा येडाच होता. पुस्तकात 'प्रकाश सरळ रेषेत जातो' असं एक वाक्य होतं. बाकीचे मास्तर काय करतात? पोरांकडून ते वाक्य पंचवीस वेळा घोकून घेतात आणि तंबाखू मळत बसतात. ह्यानं तीन पुठ्ठे कापले, तिन्हींना सारख्या उंचीवर भोकं पाडली, एकामागं एक उभे केले आणि पलीकडं चिमणी पेटवून ठेवली. एकेक पोर उकिडवं बसून भोकाला डोळा लावायला लागलं. ज्योत दिसली की पोर खूश. मग मास्तर हळूच मधला पुठ्ठा बोटभर सरकवायचा. ज्योत गायब!

"वळाया येत न्हाई व्हय गुरुजी उजेडाला?" दाराजवळून आवाज आला.

ती नकुशी. मांगवाड्यातली, सारजाबाईची पोरगी. चौथीत होती. चार पोरींच्या पाठीवर पाचवी पोरगीच झाली म्हणून नाव नकुशी. वरच्या दोघी गेल्या, दोघी उजवल्या, बापही गेला. आता घरात ही आणि आई. बसायची दारापाशी, कारण तिथंच बसायची रीत होती, आणि मास्तरनं तिला दोनदा आत बसवली तर दोन दिवस मराठ्यांची पोरं शाळेत आली नव्हती.

"न्हाई वळत," मास्तर म्हणाला.

"मंग आमच्या खोपीत कसा येतो? आमचं दार तर सूर्याकडं पाठ करून हाय."

मास्तर पोरांना घेऊन थेट बाहेर पडला. न्हाव्याकडून आणलेला आरशाचा तुकडा उन्हात धरून कवडसा भिंतीवर पाडला, भिंतीवरचा उजेड पुन्हा सावलीत कसा पडतो ते पांढऱ्या धोतराचा सोगा धरून दाखवलं. शेवटी सगळी वरात मांगवाड्याच्या तोंडाशी गेली. समोर मारुतीच्या देवळाची चुन्यानं रंगवलेली भिंत. ऊन तिच्यावर पडत होतं आणि तिथून उलटून सारजाबाईच्या दारात जात होतं.

नकुशीनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा घराकडं. "म्हंजी देवळात आमी न्हाई जायाचं, पर देवळाचा उजेड आमच्या घरी येतोय!"

पोरं खिदळली. मास्तरही हसला. असली पोर हजारात एक. ही चौथी होऊ दे, हिला शिरूरला पाचवीत घालायची, वसतिगृहात ठेवायची, असं त्या दिवशी त्यानं मनाशी पक्कं केलं. त्याच्या आयुष्यात तोवर एवढी मोठी इच्छा दुसरी झाली नव्हती.

शिकवायला वरून विज्ञानाची पेटी आली होती म्हणतात. भिंगं, आरसे, लोलक. ती केंद्रशाळेच्या कपाटात बंद. फुटलं तर जबाबदार कोण? म्हणून ती कुणी उघडत नव्हतं. मास्तरनं डालडाचा रिकामा डबा घेतला, बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, तोंडाला तेल लावलेला कागद ताणून बांधला. डोक्यावरून घोंगडी घेऊन कागदाकडं बघायचं. समोरचं सगळं कागदावर उलटं दिसायचं. लिंब खाली डोकं वर पाय, गाय आभाळाला लटकलेली.

नकुशीनं घोंगडीतूनच आरोळी ठोकली, "अय्यो! आप्पांचं घर उलटं झालं!"

आप्पा म्हणजे हौसराव. सोसायटीचे चेअरमन, गावातलं निम्मं काळं रान त्यांचं. नातवानं घरी जाऊन सांगितलं की मांगाच्या पोरीनं आपलं घर उलटं केलं. लोकांना वाटलं आता मास्तरची काही धडगत नाही. हौसराव आले, पण चेहऱ्यावर हसू. माणूस मोठा गमत्या.

"कुठं हाय त्यो डबा? बघू द्या आमचं घर."

घोंगडीत शिरले. बाहेर निघाले ते पोट धरून. "मास्तर, ह्यात सोसायटीची निवडणूक बघाया मिळंल का वो? इरोधकांची डोकी खाली बघितली म्हंजी जरा बरं वाटंल!"

सगळे हसले. मास्तरला वाटलं, चला, गावाचं दार उघडलं. बिचारा. हसणाऱ्या माणसाचं दार उघडंच असतं असं त्याला वाटायचं.

दसरा झाला आणि मुकादम गावात फिरायला लागला. मास्तर त्याच संध्याकाळी सारजाबाईच्या दारात गेला. ती शिंदीच्या फड्यांच्या केरसुण्या बांधत होती.

"सारजाबाई, मुकादमाकडनं उचल घेतली न्हाई ना?"

"न्हाई गुरुजी. पर कवर न्हाई म्हनू? कोयत्याला दोघं लागत्यात. एक तोडायला, एक मोळ्या बांधायला. माझ्याकडं दुसरं कोण हाय? हीच."

"ती शाळंत हाय."

"ते म्या बघतेय की. रात्री झोपंत पुटपुटती, उजेड सरळ जातो, उजेड सरळ जातो. म्या म्हनलं, बया, जाऊ दे त्येला, तू झोप." सारजाबाई हसली. मग हातातली केरसुणी खाली ठेवून म्हणाली, "ऐका गुरुजी. कार्तिकाच्या पुनवंला गिराण हाय. संध्याकाळचंच लागतंय, समदी जागी असत्यात. आन् बाजरी नुकतीच घरात आलीय. असलं गिराण कवा येतं? पोतं भरून दाणं येत्याल. जुनंपानं लुगडं, एखादी वाकळ. तेवढ्यावर संक्रांतीपतूर चूल चालती. फुडं शाळूची काढणी हितंच. मंग कशाला जाऊ म्या कारखान्यावर? पोरगी बी शाळंत ऱ्हाईल."

"आन् न्हाई मिळालं तर?"

"गिराणाचं दान कोण न्हाई म्हनंल वो? राहूशी वाकडं घेतंय का कुनी?"

ग्रहण लागलं की मांगवाड्यातल्या बायाबापड्या झोळ्या घेऊन निघायच्या आणि 'दे दान, सुटे गिराण' असं ओरडत दारोदार फिरायच्या. चंद्र राहूच्या तोंडातून सुटायचा तो त्यांच्या हाकेनं, असा गावाचा पिढ्यान् पिढ्यांचा समज. एरवी ज्यांच्या सावलीचा विटाळ, त्यांच्याच झोळीत त्या रात्री सुपानं धान्य पडायचं.

आणि नेमका त्याच आठवड्यात तुमचा कागद आला. येत्या चंद्रग्रहणानिमित्त प्रत्येक शाळेनं ग्रामस्थांसमोर ग्रहणाचं प्रात्यक्षिक करून दाखवावं, भोळ्या समजुती दूर कराव्यात आणि तसं कळवावं. मास्तरला असं झालं की आपल्या मनातलंच कुणीतरी वर बसून वाचलं. दोन दिवस तो नुसता चिंध्यांचा चेंडू बांधत होता.

चांगुणा चुलीपुढं भाकरी थापत होती. "सारजाबाईला सांगितलं का वो?"

"काय सांगायचं?"

"का तिच्या पोत्यात यंदा तुमी सावली भरनार म्हून."

मास्तर चिडला. "अगं, ही भीकच की. आज ना उद्या सुटायला नको? आपल्या आबांनी गावकीची येसकराची काठी चावडीत नेऊन टाकली, तवा आपलीबी गावची भाकर बंद झाली. पर तवाच आपण माणसात आलो."

चांगुणानं भाकरी तव्यावर टाकली. "आबांनी काठी टाकली तवा त्यांच्या हाताला दौंडच्या रेल्वेत काम लागलं व्हतं. सासूबाईंनीच सांगितलंय मला. आधी काम लागलं, मंग काठी पडली. तुमी तेवढी काठीच ध्यानात ठिवली."

मास्तर जेवता जेवता उठला. खरं बोललेलं अंगाला लागतं ते असं. पण उठला म्हणून ऐकलं असं नाही. माणसानं आपल्या बापाची गोष्ट लहानपणापासून एका रीतीनं सांगितलेली असते. बायकोनं ती दुसऱ्या रीतीनं सांगितली की त्याला ती चहाडीच वाटते.

पुनवेच्या दिवशी दिवस मावळायला सगळं गाव चावडीपुढं जमलं. बाभळींच्या मागून चंद्र वर आला, परातीएवढा. मास्तरनं स्टुलावर कंदील ठेवला, तो सूर्य. लिंबाच्या फांदीला दोरीनं चिंध्यांचा चेंडू टांगला, ती पृथ्वी. आणि चंद्र म्हणून एक आवळा, केरसुणीच्या काडीला टोचलेला. आवळा धरून फिरायचं काम नकुशीकडं. सबंध शाळेत ते तिच्याइतकं नेमकं कुणाला जमत नव्हतं. धुतलेलं परकर-पोलकं, तेल लावून चापून बसवलेले केस. सारजाबाई लिंबाच्या पलीकडं, गर्दीच्या बाहेर उभी होती. काखेत घडी केलेलं पोतं. पोरीकडं अशी बघत होती की जणू चावडीपुढं लग्नच लागलंय.

नकुशी आवळा घेऊन चेंडूभोवती फिरायला लागली. कंदिलाचा उजेड आवळ्यावर चमकत होता. ती चेंडूच्या मागं गेली आणि आवळा विझला.

"आरं तिच्या मायला!" कुणीतरी म्हणालं.

"पुन्हा दाव गं पोरी!"

नकुशीनं पुन्हा दाखवलं. म्हातारी माणसं पुढं सरकली. मास्तरच्या अंगात वारं भरल्यागत झालं होतं. तो बोलत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव त्याचं ऐकत होतं. ज्यांच्या ओट्यावर त्याला कधी बसा म्हटलं नव्हतं ते गाव.

हौसराव बाजेवर बसले होते. पान थुंकून म्हणाले, "म्हंजी मास्तर, राहू-केतू काय न्हाई?"

"न्हाई आप्पा."

"चंद्राला कुनी गिळीत न्हाई?"

"कुणी न्हाई. आपलीच सावली पडती त्याच्यावर. आपल्या धरतीची."

"आन् सुटतो कसा?"

"फिरता फिरता सावलीतनं भाईर पडतो."

"कुनी वरडलं न्हाई तरी?"

"तरी."

हौसरावांनी बाजेवर मांडी बदलली. हसरा चेहरा, आवाजात साखर. "म्हंजी मास्तर, दान दिलं काय आन् न दिलं काय, सारखंच की वो?"

तेव्हा कुठं मास्तरला लिंबापलीकडचं पोतं दिसलं. आधीही डोळ्यांनी दिसत होतंच. नकुशी हातातला आवळा तसाच धरून त्याच्याकडं बघत होती. गुरुजी बरोबरच सांगणार ह्या खात्रीनं. खोटं बोलायला एक श्वास पुरला असता. दान दिलेलं बरं असतं आप्पा, एवढंच. पण समोर पोरं बसली होती, त्यांना त्यानं वर्षभर सांगितलं होतं की डोळ्यांनी दिसतं ते म्हणा, कुणाला भिऊ नका.

"सारखंच," मास्तर म्हणाला.

"ऐकलं का रं समद्यांनी?" हौसराव उठले. "शिकलेला मानूस सांगतोय."

थोड्याच वेळात खऱ्या चंद्राच्या कडेला काळं लागलं. मास्तरला वाटलं होतं लोक थांबतील, पोरांना दाखवतील. चावडी एका क्षणात रिकामी झाली. बाया पळत घरी गेल्या. रांजणावर, दुधावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं पडली. शिजलेलं अन्न उकिरड्यावर गेलं. गरवारशा पोरी आतल्या खोलीत कोंडल्या गेल्या. ज्या तोंडांनी आवळ्याला वाहवा केली त्याच तोंडांनी जप सुरू झाला.

आणि मांगवाड्यातून हाक उठली. "दे दान, सुटे गिराण!"

मास्तर कंदील घेऊन घराकडं निघाला होता. वाटेत पहिल्या दाराशी त्याला ऐकू आलं: "जा की मास्तरकडं. त्यो म्हनतोय काय बी द्यायचं न्हाई." दुसऱ्या दाराशी: "सावली हाय म्हनं बाई, सावली." तिसऱ्या दारातून नुसतंच हसणं. बाया एकेक करून मागं फिरत होत्या. रिकाम्या झोळीचा आवाज नसतो. तरी मास्तरला तो ऐकू येत होता.

हौसरावांच्या दारात सारजाबाई आणि नकुशी उभ्या होत्या. हौसरावांची कारभारीण, मुक्ताबाई, सुपात बाजरी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. नवऱ्यानं हात आडवा धरला होता. मास्तर कंदील घेऊन तसाच पुढं गेला.

"आप्पा, द्या की. जुनी रीत हाय."

हौसराव असे हसले की दावणीची बैलं दचकली. "मास्तर! तुमी म्हंता रीत? आवो आत्ता घटकाभरापूर्वी गावापुढं काय म्हनला?"

"सावली म्हणालो. पण..."

"मंग? सावलीला बाजरी लागती व्हय?"

मुक्ताबाईनं सूप खाली ठेवलं. आत अंधारात कुणीतरी बारीक आवाजात रडत होतं. ती हौसरावांची पोटुशी सून. मघापासून हलायचं नाही, बसल्या जागी खाजवायचं नाही, पाणी प्यायचं नाही.

नकुशीनं आत वाकून बघितलं. "आप्पा, सावलीच हाय तर तुमी वहिनीला कशापायी कोंडलं?"

हौसरावांचं हसू पुसलं गेलं. "ए सारजे, पोरीच्या थोबाडाला लगाम घाल. पोटात वंशाचा दिवा हाय तिच्या. त्यात काय कुनी खेळ करतं व्हय? जा आता. जा."

सारजाबाईनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि तिला ओढत बाहेर आणलं. तिघं वाटेवर उभी राहिली. वर चंद्र पुरता सावलीत गेला होता. तांब्याच्या भांड्यासारखा लाल.

नकुशी रडत नव्हती. वर बघून म्हणाली, "गुरुजी, सावलीत गेल्यावर काळा व्हायला पायजेल. ह्यो लाल का झाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मास्तरला येत होतं. हवेतून उजेड कसा वाकतो, तांबडा तेवढाच पलीकडं कसा पोचतो, ते त्यानं पोरांसाठी मुद्दाम वाचून ठेवलं होतं. पण त्यानं नुसतीच कंदिलाची वात खाली केली.

"गुरुजी, दुसरं इचारू?"

"इचार."

"त्यांच्या वहिनीला त्यो राहू हाय. त्यांच्या दुधाला राहू हाय. फकस्त आमच्या पोत्याला सावली हाय. असं कसं?"

"गप गं भवाने," सारजाबाई म्हणाली.

मास्तर म्हणाला, "सारजाबाई, माझ्या घरी चला. एक पायलीभर बाजरी असंल. चांगुणा देईल."

सारजाबाईनं पोत्याची घडी केली. अगदी नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "तुमी देऊ नका गुरुजी. तुमी दिलं तर ते दान व्हईल. गाव देत व्हतं तवा ते आमचं व्हतं."

मास्तर तिथंच उभा राहिला. ह्या बाईच्या हक्काला आपण दोन दिवसांपूर्वी भीक म्हणालो, हे त्याला तेव्हा कळलं. कळून काय उपयोग?

ट्रक आला तो मार्गशीर्षाच्या सुरुवातीला. थंडी पडली होती. मांगवाड्यातली सात-आठ घरं एकाच ट्रकमध्ये भरली. भांडी, कोंबड्या, पाचटाच्या खोपीसाठी काठ्या. मास्तर शाळा सोडून आला. शाळेतली पोरं त्याच्यामागं.

"सारजाबाई, हिला माझ्याकडं ठेवा. आमच्या घरी जेवंल. मी सांभाळतो."

"आन् मोळ्या कोन बांधंल? तुमी?" ट्रकमधल्या बाया हसल्या. "मास्तरला घ्या कोयत्यावर! आवळा धरंल!"

सारजाबाई हसली नाही. "चार म्हैनं ठिवाल गुरुजी. उचल घेतलीय म्या दोघींची. मुकादम मला येकलीला उसाच्या फडात उभं करंल का?"

मग मास्तर मुकादमाकडं गेला. मुकादमानं त्याला विडी देऊ केली. मग तो हौसरावांकडं गेला. हौसरावांनी चहा पाजला. "मास्तर, तुमी त्यांच्या भल्याचंच केलं. भीक सुटली त्यांची. आता कष्टाचं खात्याल." आणि खरंच मनापासून म्हणाले. ह्याचीच तर भीती वाटते. हरामखोर माणूस ओळखू येतो. मनापासून बोलणाऱ्याला काय म्हणायचं?

ट्रक गेला. नकुशीनं डालडाचा डबा बरोबर घेतला होता, पण आईनं तो पाणी प्यायला वापरायचा म्हणून भोक डांबरानं बुजवून टाकलं होतं. हे पोरांनी मास्तरला नंतर सांगितलं.

आणि मग तुम्ही काय केलंत? तुम्ही शिरूरला मांडव घातलात. ग्रामपंचायतीनं कळवलं होतं की खोकरवाडीत ह्या साली ग्रहणाचं दान एकाही घरानं दिलं नाही, विज्ञानाच्या प्रचाराचा एवढा परिणाम आसपासच्या कुठल्याही गावात झाला नाही. गावाला बक्षिसाची ढाल मिळाली. हौसरावांना शाल आणि फेटा. त्यांनी भाषण केलं, "आमचं गाव आता राहू-केतूला भीत न्हाई." टाळ्या पडल्या. ज्यांच्या घरी तुळशीची पानं पडली होती तेच लोक पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटत होते.

मग भिमाजी मास्तरचं नाव पुकारलं. तो वर गेला. त्याच्या हातात नारळ आला. फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. मास्तरनं नारळ टेबलावर ठेवला आणि माईकपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, आमच्या शाळेतल्या एका पोरीनं मला एक प्रश्न विचारलाय. मला उत्तर येत नाही. तुम्ही वरचे. तुम्ही सांगा."

व्यासपीठावरच्या साहेबांना वाटलं विज्ञानाचा प्रश्न असेल. कौतुकानं मान हलवून म्हणाले, "हं, विचारा, विचारा."

मास्तरनं विचारलं. पोतं, सून, दूध, सगळं सांगून विचारलं. पोरगी आज कुठं आहे तेही सांगितलं. पहिल्या रांगेत खाकरणं सुरू झालं. साहेब शेजारच्याला म्हणाले, "गुरुजी जरा भावनेच्या भरात आलेत," आणि त्यांनी हातानं खूण केली. माईक बंद झाला. कर्ण्यावर देशभक्तीचं गाणं लागलं. कुणीतरी मास्तरच्या हातात नारळ पुन्हा दिला.

चांगुणानं तो नारळ फोडला नाही. दारात टाकून दिला, पोरांनी त्याचा चेंडू केला.

वैशाखात ट्रक परत आला. मास्तर मांगवाड्याच्या तोंडाशी उभा होता. नकुशी उतरली. काळी पडलेली, डाव्या हाताच्या बोटाला चिंधी, चालण्यात बाईपण आलेलं. मास्तरला बघून तिनं पदरासारखी ओढणी पुढं घेतली.

"नकुशी, शाळेत येणार ना? परीक्षा बुडाली तर बुडाली. पुन्हा चौथीत बस."

सारजाबाईच बोलली. "सोयरीक जमवलीय गुरुजी. श्रीगोंद्याकडचा पोरगा हाय, फडात आमच्या शेजारीच खोप व्हती. पावसाच्या आधी उरकायचं. आता तिचा तिचा कोयता व्हईल. कुनाला दान मागाया नको, कुनाचं ऐकाया नको."

"ती लहान हाय, सारजाबाई."

"व्हय की. म्हनूनच मोळ्या हलक्या बांधतीया."

मास्तर नकुशीशी बोलू लागला. चंद्र लाल का झाला होता ते त्यानं सांगितलं. हवेतून उजेड वाकतो, पोरी, म्हणून. ती ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "व्हय का," आणि डोक्यावर भांड्यांचं बोचकं घेऊन आत गेली. अंगणात बसून तिनं पाटा धुवायला घेतला.

त्या दिवसापासून भिमाजी मास्तर पुस्तकातलं वाक्य पोरांकडून पंचवीस वेळा घोकून घेतो. तपासणीला आलेला साहेब खूश होऊन जातो.

आता तुम्ही सांगा. नारळ नको, ढाल नको, गाणं लावू नका. तुमचा हुकूम त्यानं पाळला, तुमचं शास्त्र त्यानं खरं शिकवलं, आणि एका पोरीनं ते खरं मानलं. तरी तीच सावली आप्पांच्या माजघरात राहू का आणि सारजाबाईच्या पोत्यात सावली का? कागद तुमचा होता, सही तुमची होती. उत्तरही तुमचंच पाहिजे. द्या.